घरच्या शेडमध्ये जुनं विमान दुरुस्त करून उभं करायचंय? आधी माळव्याचं कॅलेंडर भिंतीला लावा

सगळ्यात आधी ठरवून टाका, विमान उडवायचंय की नुसतं बघायला ठेवायचंय. उडवण्यासाठी केलेलं विमान उद्या शोभेला ठेवता येतं, पण शोभेसाठी केलेलं विमान नंतर मन बदललं म्हणून उडवता येत नाही, सगळं परत उघडावं लागतं. आणि इंदूरात हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, "भिया, उडणार का?" तर उत्तर तयार ठेवा.

उडवायचं असेल तर पहिला फोन डीजीसीएचं लायसन्स असलेल्या एएमईला, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरला. विमान विकत घ्यायच्या आधी, पैसे द्यायच्या आधी. कारण घरी तुम्ही कितीही सुंदर काम केलं तरी सही त्याची लागते, आणि ज्याने काम होताना पाहिलंच नाही तो सही करत नाही, करूही नये. आपल्या एअरपोर्टवर फ्लाइंग क्लब आहे, तिथे जुनी माणसं आहेत, चहा पाजा आणि विचारा.

कुठलं विमान घ्यायचं? मी इथे जे सांगतोय ते एका ठरावीक जातीबद्दल आहे, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वरती पंख, दोन माणसांची जागा आणि सगळ्यावर कापड. अमेरिकेतले पायपर कब आणि एरोन्का या जातीचे, आणि आपल्याकडे एचएएलचं पुष्पक, जे १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन, दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांनी त्यावर पोरं शिकवली. मराठी माणसाला एचएएलच्याच एचटी-२ या शिकाऊ विमानाचं कौतुक जास्त असतं आणि ते बरोबरच आहे, कारण ते डिझाइन करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या हवेच्या प्रवाहाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले, आणि १९५१ला ते विमान उडालं. पण एचटी-२ आख्खं धातूचं आहे, रिव्हेटिंग आणि पत्र्याचं काम, जिग म्हणजे भाग मापात धरून ठेवणारे साचे लागतात, ते घरी करायच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. कापडाचं विमान घरात होतं, त्याला कात्री, दाभण, इस्त्री आणि ब्रश लागतो. शिवकर बापूजी तळपद्यांचं विमान १८९५ला मुंबईत उडालं होतं की नाही यावर पोहे खात वाद घालायला कुणीही येतं, नळ्या घासायला बोलावलं की सगळ्यांना कामं निघतात, हेही आत्ताच लक्षात घ्या.

विकत घेताना लोक इंजिन बघतात, मी म्हणतो आधी कागद बघा. लॉगबुकं आहेत का, डेटा प्लेट जागेवर आहे का, व्हीटीचं (भारतातल्या विमानांची खूण) रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे, शेवटचं सर्टिफिकेट कधी संपलं, कुठले बदल केले आणि त्यावर सही आहे का. गंजलेली नळी बदलता येते, हरवलेलं लॉगबुक बनवता येत नाही. टेंडरमधून भंगार म्हणून निघालेलं विमान स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा याच कारणाने, आणि शोभेला ठेवणार असाल तर तोच सौदा उत्तम.

मग जागा. पायपर कबचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०.७ मीटर, लांबी ६.८ मीटर. पंख दोन सुटे निघतात, म्हणजे एक पंख साधारण पाच मीटरचा, तो भिंतीला लावून उभा ठेवता येतो. तर सात मीटर लांब शेड पाहिजे आणि भोवती माणूस फिरायला जागा. लोक शेड मोजतात आणि गल्ली मोजायला विसरतात. रामबाग, नारायण बाग असल्या जुन्या भागात राहत असाल तर आधी कोपऱ्यावरचं वळण मोजा, त्यात विजेच्या तारा आणि शेजाऱ्यांच्या गाड्या धरा, कारण जे आत येतं ते एक दिवस बाहेरही काढायचंय.

आता कॅलेंडर. हे काम ऋतूवर चालतं आणि माळव्याचा ऋतू या कामाला चांगला आहे, फक्त उलटा वापरू नका. उन्हाळ्यात सांगाडा उघडा करा, घासा, वेल्डिंग करा, प्रायमर मारा, कोरडी हवा असते, घासलेल्या स्टीलवर लगेच गंज चढत नाही. पावसाळ्यात डोप (कापडावर मारायचं लाखेसारखं द्रावण) आणि रंगाचा डबा उघडायचाच नाही, तेव्हा कागद, पार्टांची यादी, केबल, छोटे धातूचे भाग, सीट शिवणं ही घरातली कामं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत कापड आणि डोप. एक हिवाळा हुकला की वर्ष गेलं. म्हणून दिवाळीला कापड, डोप, टेप, दोरा सगळं शेडमध्ये हजर पाहिजे, बाहेरून मागवायचं असेल तर ऑर्डर पावसाळ्यातच.

उघडताना घाई करू नका. प्रत्येक जोड सोडायच्या आधी मोबाइलने तीन बाजूंनी फोटो, मग बोल्ट, वॉशर, नट एका पिशवीत, पिशवीवर नाव आणि बाजू. वॉशर किती होते आणि कुठल्या बाजूला हे पण लिहा, केबलच्या पुलीवरचे वॉशर नंतर कुणालाच आठवत नाहीत. जुनं कापड फाडून फेकू नका, मोठे तुकडे अख्खे कापून ठेवा, त्यावर टाक्यांचं अंतर, टेपची जागा, पाणी जायच्या भोकांची जागा सगळं छापलेलं असतं, तेच तुमचं ड्रॉइंग.

आत काय सापडेल? उंदराची घरटी नक्की. उंदराचं मूत अॅल्युमिनियमच्या रिबला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळीला खातं, तेव्हा घरटं निघालं की त्याखालचा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून भिंगाने बघा. कुंभारीण माशीची मातीची घरं पिटो ट्यूबमध्ये (विमानाचा वेग मोजणारी नळी) आणि टाकीच्या व्हेंटमध्ये. लाकडी पंख असेल तर वाळवी. आणि तीन गोष्टींना हात लावताना सांभाळा: जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकणारे असतील तर त्यात रेडियम असू शकतं, ती उघडायची नाहीत, फुंकर मारायची नाही. फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटच्या मधल्या भिंतीत जुना अॅस्बेस्टॉसचा थर असू शकतो, तो कोरडा घासायचा नाही. आणि पिवळसर मुलामा असलेले बोल्ट कॅडमियमचे, ते तापवायचे किंवा ग्राइंडरला लावायचे नाहीत, तो धूर विषारी असतो.

सांगाड्याच्या नळ्या

ही विमानं शेपटीवर बसतात, नाक वर, त्यामुळे वर्षानुवर्षं आत शिरलेलं पाणी मागे वाहत जाऊन शेपटीच्या टोकाशी खालच्या नळीत साचतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत नळी संपलेली. भिंत बऱ्याच ठिकाणी फक्त ०.९ मिलिमीटर असते, मग गंजाला खायला वेळ किती लागणार. तपासायची पद्धत अशी की टोच्या घ्या, खालच्या नळीच्या खालच्या अंगावर ठेवा आणि हाताने चांगला दाबा, दोन-तीन सेंटिमीटरवर परत, असं शेपटीपासून पुढे येत राहा. चांगल्या नळीवर टोच्या नुसता घसरतो. खराब जागी आधी आवाज बदलतो, बद्द येतो, मग खड्डा पडतो, आणि अगदीच गेली असेल तर टोक आत जातं आणि भोकातून लाल भुकटी गळते. खडूने खूण करा, पुढे चला. पूर्ण झाल्यावर एएमईला बोलावून दाखवा आणि कुठली नळी कुठून कुठपर्यंत बदलायची हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या.

पंखाच्या खालून येणारे तिरके स्ट्रट त्याहून महत्त्वाचे, पंख त्यांच्यावरच टांगलेला आहे. पायपरच्या स्ट्रटमध्ये आतून गंज लागतो म्हणून अमेरिकेत १९९३ पासून त्यावर सक्तीची तपासणी आहे, खालच्या टोकाला दाब देऊन किंवा अल्ट्रासाउंडने. तुमचं विमान पायपर नसलं तरी पोकळ स्ट्रट असेल तर तीच काळजी घ्या.

वेल्डिंग गेट-ग्रिल करणाऱ्याकडून नाही. तो माणूस चांगला असेल पण त्याचं आर्क मशीन ०.९ची नळी जाळून टाकतं. ऑक्सी-अॅसिटिलीन किंवा टिग, आणि क्रोमोलीवर (या नळ्यांचं मिश्र स्टील) हात बसलेला माणूस, पीथमपूर-सांवेर रोडच्या कारखान्यांत टिगवाले एक नंबर मिळतात, त्यांना आधी त्याच मापाच्या तुकड्यावर करून दाखवायला सांगा, मग तो तुकडा कापून आतून बघा. वेल्डिंग सगळं संपलं की नळ्यांत गरम जवसाचं तेल घालून, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवून, उरलेलं निथळून भोकं बंद करायची ही जुनी पद्धत अजून चालते. तेल वेल्डिंगच्या आधी घालायचं नाही. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात, पाण्याच्या बादलीत टाका किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा. प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच, कारण कापडाचा गोंद आणि डोप साध्या प्रायमरला विरघळवून उचलतो. उन्हाळ्यात मारताय तर सकाळी सात वाजता, दुपारी डब्यातच घट्ट होतो.

लाकडी स्पार असतील तर

स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य दांडे. एरोन्काचे स्पार लाकडाचे, स्प्रूसचे असतात, कबमध्ये आधी लाकूड आणि नंतर अॅल्युमिनियम आलं. लाकूड दिसायला चांगलं असतं आणि चीर केसाएवढी असते. अंधार करा, टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि रेषांना आडवी जाणारी बारीक सुरकुती शोधा, विशेषतः प्लायवुडची जाड पट्टी जिथे संपते तिथे आणि ज्या विमानाचं पंखाचं टोक कधी जमिनीला लागलंय त्यात. ही कॉम्प्रेशन चीर असते. ती सापडली की गोंद भरून काही होत नाही, पुढचा निर्णय एएमईचा. बोल्टची भोकं लांबट झालीत का बघा. जुना केसीन सरस ओलाव्याने आणि बुरशीने मरतो, जोड हाताने हलवून बघा. नवं जोडकाम करताना लाकडाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा आणि स्पारचा तिरका जोड १ ला १० ते १२ इतका लांब उतरता. गोंद कालवला की दर वेळी त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी तोडा, लाकूड फाटलं पाहिजे, गोंदाची रेघ सुटली तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

सियागंजमधून काय आणायचं, काय नाही

इंदूरच्या सियागंज बाजारात काय मिळत नाही? हत्यारं, क्लॅम्प, एमरी पेपर, मास्किंग टेप, ब्रश, ट्रेसल करायला पाइप, सगळं तिथूनच आणा. पण विमानात राहणारा एकही बोल्ट तिथून नाही. तुम्ही जुना बोल्ट नमुना म्हणून दाखवाल, दुकानदार बघेल, मागच्या खणातून एक काढेल आणि म्हणेल, "बिल्कुल वैसाच है भिया, इससे भी मजबूत।" आणि ताकदीच्या आकड्यात तो फार चुकीचाही नसतो. एएन बोल्ट, म्हणजे विमानासाठी ठरवलेल्या मापाचा बोल्ट, १,२५,००० पीएसआयचा, बाजारातला ८.८ ग्रेडचा त्याच्या जवळपास जातो. भानगड दुसरी आहे. एएन४ पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तुम्ही सहाचा घातला तर भोकात ०.३५चा खेळ, इंजिनच्या थरथरीत तो खेळ भोक लांबट करतो. शिवाय एएन बोल्टचा सपाट भाग जोडाच्या जाडीला मोजून निवडायचा असतो, आटे भोकाच्या आत यायला नकोत, आणि बाजारच्या बोल्टला बरेचदा अर्ध्या लांबीपर्यंत आटेच असतात. डोक्यावरची फुलीसारखी खूण बघा, पॅकेटबरोबरचा कागद फाइलला लावा, कागदाशिवाय आलेला बोल्ट एएमई परतच करतो. पाव इंची बोल्टला साधारण ५० ते ७० इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे सायकलच्या पान्याने अंगाची ताकद लावून कसायचं काम हे नाही, टॉर्क रेंच लागतो. जिथे काही फिरतं तिथे खाचेचा नट आणि कॉटर पिन. सेफ्टी वायर अशी ओढलेली हवी की ती बोल्टला घट्ट करायच्या दिशेने खेचेल, उलटी बांधली तर न बांधल्यासारखीच.

कंट्रोल केबलवर फडकं घट्ट धरून सगळ्या लांबीवर ओढा, एखादी तार तुटली असेल तर धागा अडकतो. बोटाने ओढू नका, रक्त निघतं. पुलीजवळ हळू. टर्नबकलच्या (केबल ताणायचा आट्यांचा जोड) दोन्ही टोकांना बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसायला नकोत.

हे सगळं झालं की थांबा. कापड चढवायच्या आधी एएमईने उघडा सांगाडा, पंख, केबल, टाकी सगळं बघून लिहून द्यायचं असतं. शोभेचं विमान असेल तरी कुणा जाणत्याला दाखवाच, कापडाखाली गेलेली गोष्ट पुढे पंचवीस वर्षं दिसत नाही.

कापड

आता खरी मजा. पूर्वी ग्रेड-ए सुती कापड असायचं, टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानावर आयरिश लिनन, आता जवळजवळ सगळीकडे पॉलिस्टर. सुती कापड नवं असताना एका इंचाला ८० पाउंड ताण घेतं आणि ५६च्या खाली आलं की बदलायचं, हा जुना नियम आहे, म्हणून हँगरमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या विमानाचं कापड दिसायला धडधाकट असलं तरी टेस्ट करावीच लागते.

एमटी क्लॉथ मार्केट जवळ आहे म्हणून तिथून पॉलिस्टर आणू, असं प्रत्येकाच्या डोक्यात येतंच. विमानाचं पॉलिस्टर न आकसलेलं विणून तसंच ठेवलेलं असतं, इस्त्रीने आकसावं म्हणून, आणि कडेला मंजुरीचा शिक्का असतो. मार्केटमधलं शर्टिंग आधीच तापवून बसवलेलं, ते आकसत नाही आणि त्याच्या ताकदीचा कागद नाही. शोभेच्या विमानालासुद्धा ते नीट ताणत नाही, झोळ राहतो. सेकोनाइट, पॉली-फायबर अशा पद्धती आहेत, एक निवडा आणि शेवटपर्यंत तिचंच मॅन्युअल, तिचाच गोंद, तिचाच डोप. एकीचा गोंद आणि दुसरीचा थिनर अशी खिचडी केली तर मंजुरी तर जातेच, थरही सुटतात.

आधी सांगाड्यावर जिथे स्क्रूचं डोकं, पत्र्याची कड, खिळा आहे तिथे अँटी-चेफ टेप लावा, बोट फिरवत जा, बोटाला जे लागेल ते कापडालाही लागेल. रिबांच्या मधून इकडून तिकडे पट्टी विणून घ्या म्हणजे कापड आकसलं की रिब आडव्या होणार नाहीत. मग कापड टाकायचं, कडांना गोंदाने चिकटवायचं, पंखाच्या पुढच्या कडेला जोड कमीत कमी दोन इंच एकावर एक. या वेळी कापड ढिलंच ठेवा, नवीन माणूस हाताने ओढून ताणतो आणि मग इस्त्रीने पंखाची मागची कड वाकते.

इस्त्री घरचीच चालते, पण तिच्या डायलवर "कॉटन", "सिल्क" लिहिलेलं असतं ते कामाचं नाही. तळाला टेकणारं थर्मामीटर लावून डायलवर स्केचपेनने खुणा करा, १२१ डिग्री सेल्सियस आणि १७७. इन्फ्रारेड गन चकचकीत तळावर खोटं सांगते, तिच्यावर जाऊ नका. पहिला हात १२१ला, सगळ्या पंखावर सारखा, एका कोपऱ्यात फार वेळ नाही, एकदा इथे एकदा तिथे, म्हणजे ताण सगळीकडून येतो. शेवटचा हात १७७ला. त्याच्या वर गेलं की कापड परत ढिलं पडतं आणि मग ते काही केलं तरी ताणत नाही. पहिल्या हातात सुरकुत्या डोळ्यासमोर विरून जातात, शेजारची पोरं बघायला जमतात, त्यांना बघू द्या पण इस्त्रीची वायर सांभाळा.

मग टाके. पंख उभा ठेवायचा, एक माणूस या बाजूला एक त्या बाजूला, लांब दाभण, मेण लावलेला दोरा, रिबच्या एका बाजूने आत, दुसऱ्या माणसाने ओढून रिबच्या दुसऱ्या बाजूने परत. रिबवर आधी मजबुतीची टेप, तिच्यावरून टाका. अंतर जुन्या कापडावरून घ्या आणि मॅन्युअलशी ताडून बघा, प्रोपेलरच्या हवेत येणाऱ्या भागात टाके जास्त जवळ असतात. गाठ सीन नॉटच, ती सरकत नाही, आणि एक टाका तुटला तर पुढचे धरून राहतात. गाठ रिबच्या बाजूला सारायची, वरती राहिली तर टेपखाली फोड दिसतो. ज्यांच्या घरी गोधड्या शिवणारं कुणी आहे त्यांनी त्या हाताला या कामात घ्यावं, खरं सांगतो. आमच्याकडे शेजारच्या काकू आल्या, गाठ एकदा बघितली, आणि त्यांचा ताण पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत एकसारखा, आमच्या इंजिनिअर मंडळींचे टाके एक कसलेला एक सैल.

टाक्यांवर कातरलेल्या काठाची टेप, आणि प्रत्येक खणात सगळ्यात खालच्या जागी पाणी जायची रिंग. रिंग चिकटवली आणि भोक पाडायचं राहिलं असं होऊ देऊ नका.

डोप हवेला घाबरतो. दमट दिवशी मारला की वाळताना हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर दुधासारखा पांढरा पडतो, त्याला ब्लशिंग म्हणतात, तो भाग कमजोर असतो. मे महिन्यात उलटं, इतका पटकन वाळतो की सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. जानेवारीत सकाळी दहा ते चार सगळ्यात उत्तम, संध्याकाळी गारठा पडायच्या आत ब्रश धुऊन ठेवा. डोपचीच पद्धत असेल तर आधी नायट्रेट, तो कापडाला धरतो, वरती ब्युटिरेट. ब्युटिरेटवर नायट्रेट कधीच नाही. मग अॅल्युमिनियमच्या भुकटीचे चंदेरी थर, ते रंगासाठी नसून उन्हासाठी असतात, पॉलिस्टरला अल्ट्राव्हायोलेट खातं. रात्री पंखाच्या आत बल्ब धरून बाहेरून बघा, उजेड दिसला तर अजून एक थर.

नायट्रेट डोप पेटला की विझवायला वेळ मिळत नाही. शेडमध्ये इन्व्हर्टर, गीझर, देवाचा दिवा, काहीही नको, विडी पिणारा मित्र गेटाबाहेर. जमीन ओली करून घ्या, विमानाला अर्थिंगची वायर लावा, चंदेरी थर घासताना अंगात नायलॉनचा शर्ट नको. नाकाला केमिकल कार्ट्रिजचा मास्क, रुमाल नाही. आणि वरचा रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन असेल तर तो घरी स्प्रे करूच नका, त्यातल्या आयसोसायनेटला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

इंजिनबद्दल थोडक्यात, कारण उडवायचं असेल तर ते घरी उघडायचं नाही, मंजूर शॉपला जातं. शेडमध्ये तुम्ही एवढंच करा: प्लग काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, मग हाताने हळू फिरवून बघा. प्रोपेलरला हात लावताना तो चालूच आहे असं धरा, प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, आणि स्विचकडे जाणारी तार तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही ठिणगी पडते. लाकडी प्रोपेलर असेल तर आडवा ठेवा, आणि बसवल्यावर बोल्टचा टॉर्क पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तपासायला लागतो कारण लाकूड फुगतं आणि आकसतं. पंपावरचं पेट्रोल टाकीत नुसतं बघायलासुद्धा नको, त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुने रबर पाइप आणि सील त्याने जातात, आणि कबचा पेट्रोल दाखवणारा काटा म्हणजे बुचाच्या तरंगावर उभी तार, त्या बुचावरचं शेलॅक इथेनॉलमध्ये विरघळतं.

जोडणी आणि वजन

पंखांचा कोन बघायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीकडची पाण्याची पारदर्शक नळी आणि ओळंबा घ्या, आधी फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागांवर लेव्हल करा, मग दोन्ही पंखांची टोकं नळीने ताडा, मग पंखाच्या मुळाशी आणि टोकाशी कोन किती वेगळा आहे ते मोजा, तो स्ट्रटच्या टोकाशी आटे फिरवून बसतो. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर हे हलते भाग बरोबर दिशेला हलतायत का हे एकाने कॉकपिटमधून आणि दुसऱ्याने बाहेरून मोठ्याने बोलून तपासा, केबल उलटी जोडली गेलेली विमानं उडाल्यावर कळतात.

रंगाचा मोह आवरा. कब रिकामं ३४५ किलोच्या आसपास असतं आणि माणसं-पेट्रोल धरून ५५३च्या वर जायला परवानगी नाही, त्यात रंगाचा प्रत्येक जादा थर तुमच्या पेट्रोलमधून कापला जातो. शेपटीवरचा तर दुप्पट नडतो, तिथलं किलोभर वजन सगळा तोल मागे नेतं. दोन चाकांखाली आणि शेपटीखाली असे तीन काटे, शेपूट उचलून विमान लेव्हल, शेडचं दार बंद म्हणजे वाऱ्याने आकडा हलणार नाही, आणि काटे तपासणीचा शिक्का असलेले. आकडे एएमईसमोरच लिहा.

न्यायची वेळ आली की पंख परत काढा, गाद्या लावलेल्या चौकटीत पुढची कड खाली करून उभे ठेवा, दोरी कापडावरून कधीच नाही, स्ट्रटच्या जोडावरून बांधा. फ्यूजलाज ट्रकवर नाक पुढे, नाहीतर मागून येणाऱ्या वाऱ्याने रडर फडफडून कबजे जातात, रडर-एलिव्हेटरला तरी लाकडाच्या चिमट्यांनी बांधाच. रस्ता पहाटेचा घ्या, कोपऱ्यावरच्या गाड्या आदल्या रात्री काढायला सांगून ठेवा. हँगरमध्ये पंख चढले की पाण्याची नळी परत काढायची, सगळी मापं पुन्हा, नवीन कॉटर पिना, कारण एकदा वाकवलेली पिन दुसऱ्यांदा घालायची नसते, आणि तपासणीची सगळी झाकणं उघडी ठेवूनच एएमईला बोलवा.